पखाल कुणाची?

फौजेत देवदर्शनालाही परेड म्हणतात. मंदिर परेड, गुरुद्वारा परेड, चर्च परेड. मुलकी माणसाला हे ऐकून हसू येतं, पण त्यात खोटं काही नाही. रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले बूट दाराबाहेर एका रेषेत आणि आत मांडी घालून बसलेले जवान. ज्या पलटणीत ज्या धर्माचे जवान जास्त, त्या धर्माच्या आरतीला किंवा अरदासीला अफसरही पहिल्या ओळीत बसतात, मग त्यांचा स्वतःचा धर्म कुठलाही असो. आमच्यासारख्या मिश्र युनिटमध्ये सर्वधर्मस्थळ असतं. एकाच छपराखाली मूर्ती, ग्रंथसाहिब, काबा-मदिनेचं चित्र आणि क्रूस. 19 वर्षांच्या नोकरीत मी इतक्या देवांसमोर बसलोय की वर गेल्यावर कुणीतरी ओळख दाखवेल अशी आशा आहे.

आता मूळ गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझी पोस्टिंग कोलकात्याला, फोर्ट विल्यममध्ये होती. पूर्व कमांडचं मुख्यालय तिथेच. 2025 मध्ये या किल्ल्याचं नाव 'विजयदुर्ग' झालं आणि ते आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरूनच घेतलंय. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज गेटचं तर थेट शिवाजी गेट झालं. मी तिथे असताना मात्र जुनंच नाव होतं आणि घरून आई फोनवर 'फोटविलम' म्हणायची.

माझ्या हाताखाली एक नाईक होता, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातला. उरांव समाजातला, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. तो अजून सेवेत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्याला 'गुमला'च म्हणायचो. त्याचे वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेला घरी जायचं होतं, पण त्या आठवड्यात रजा जुळली नाही. तेव्हा आईने फोनवर सांगितलं, "येता येत नसेल तर तिथल्या मोठ्या गिरजाघरात बैस. देव एकच आहे, तिथूनही ऐकेल."

शनिवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "साब, कल आप चलोगे क्या? अकेला जाने को मन नहीं."

तर मी गेलो.

ईडन गार्डन आणि राजभवन मागे टाकलं की सेंट जॉन्स चर्च लागतं. आठवडाभर माणसांनी ओसंडणारा तो कचेऱ्यांचा भाग रविवारी सकाळी एवढा शांत असतो की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. बंगाली लोक या चर्चला 'पाथुरे गिर्जा' म्हणतात, म्हणजे दगडी चर्च. विटांच्या शहरात दगडाचं बांधकाम म्हणजे अप्रूपच, आणि तो दगडही गौडच्या जुन्या राजधानीच्या अवशेषांतून आणलेला. जमीन दिली शोभाबाजारच्या महाराजा नवकृष्ण देव यांनी, म्हणजे हिंदू राजाने. पैशांचा काही भाग उभा केला चक्क लॉटरी काढून. 1784 मध्ये पायाभरणी आणि 1787 मध्ये काम पुरं. आराखडा कुणाचा? बंगाल इंजिनियर्सच्या जेम्स ॲग नावाच्या लेफ्टनंटचा. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. लेफ्टनंटला जे काम कुणी घेत नाही ते देतात, ही प्रथा किती जुनी आहे बघा.

आत गेलो. माणसं मोजकीच. पंखे उंच दांड्यांवर हळूहळू फिरत होते. भिंतींवर संगमरवरी पाट्या. कुठला तरी कॅप्टन तापाने गेला, कुठला मेजर लढाईत, वय अमुक, वर्षं अमुक. फौजी माणूस देवळात गेला काय, चर्चमध्ये गेला काय, आधी या पाट्या वाचतो. वयं वाचून गप्प होतो. बहुतेक सगळे माझ्यापेक्षा लहान.

प्रार्थना इंग्रजीत होती. माझं इंग्रजी कार्यालयीन पत्रांपुरतं. 'विथ रेफरन्स टू युअर लेटर' इथपर्यंत मी ठीक असतो, पण पापक्षमा आणि तारण या विषयांवर आमच्याकडे कधी पत्रव्यवहार झालेला नाही. शिवाय मोठी अडचण अशी, की चर्चमध्ये उभं केव्हा राहायचं आणि बसायचं केव्हा याचा हुकूम कुणी देत नाही. 'सावधान' नाही, 'विश्राम' नाही, सगळे आपोआप उठतात. मी पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना 'दर्शक' मानलं. त्या उठल्या की मी उठायचो, त्या बसल्या की बसायचो. त्यांचे गुडघे दुखत असावेत, कारण मध्येच त्या एकदा बसूनच राहिल्या. मीही बसलो. बाकी सगळं चर्च उभं आणि आम्ही दोघंच बसलेलो. गुमलाने कोपराने हळूच ढोसलं.

प्रवचन सुरू झालं आणि नजर डावीकडे गेली. वेदीच्या डाव्या बाजूला एक भलंमोठं तैलचित्र होतं. लांब टेबल, मध्ये येशू, भोवती शिष्य. हे शेवटचं जेवण. या जेवणानंतर त्याच रात्री येशूला पकडलं आणि दुसऱ्या दिवशी क्रुसावर दिलं, इतपत मला माहीत होतं. लिओनार्दोचं चित्र तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यात तेरा माणसं टेबलाच्या एकाच बाजूला बसलीयेत. मला ते नेहमी पलटणीच्या ग्रुप फोटोसारखं वाटतं. फोटोग्राफरने सांगितलं असणार, "समोरचे जरा पलीकडे या, चेहरे झाकताहेत."

हे चित्र मात्र वेगळं होतं आणि मी ते बघताना जागच्या जागी हललो, कारण हा तर सरळ सरळ बडा खाना होता!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फौजेत मोठ्या दिवशी, किंवा पलटण हलायच्या आधी, अफसर, जेसीओ आणि जवान एकत्र जेवतात. त्याला बडा खाना म्हणतात. त्या रात्री सीओसाहेब स्वतः फिरून जवानांना वाढतात. वरवर हसणं-खिदळणं चालू असतं, पण प्रत्येकाला ठाऊक असतं की उद्या मूव्ह आहे आणि पुढच्या बड्या खान्याला यातले सगळे असतीलच असं नाही. मग कुणी जास्त बोलतो, कुणी ताटाकडेच बघत राहतो. चित्रातही अगदी तसंच. कुणी वाकून शेजाऱ्याशी कुजबुजतोय, कुणी गोंधळलाय. मध्ये बसलेल्या एकालाच पूर्ण ऑर्डर माहीत आहे आणि तो शांत आहे. मी असे दोन सीओ पाहिलेत.

यहूदा कोण, हे शोधायला वेळ लागत नाही. शुभवर्तमानात म्हटलंय की शिष्यांच्या पैशांची थैली यहूदाकडे असायची. म्हणजे हा झाला मेस कमांडर. आता आमच्याकडची रीत सांगतो. डाळ पातळ झाली, मटणाचा तुकडा छोटा आला, की सगळी पंगत पहिल्यांदा मेस कमांडरकडे बघते. बिचाऱ्याने काही केलेलं असो वा नसो. बायबलातल्या यहूदाने खरोखरच केलं होतं, पण मला वाटतं त्याच्यावर संशय त्याआधीपासूनच असणार.

या चित्राची खरी गंमत मला नंतर वाचनात कळली. चित्रकार योहान झोफनी, जन्माने जर्मन, नाव कमावलं लंडनमध्ये. 1783 मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि 1789 मध्ये परत गेला. लखनौच्या दरबारातल्या कोंबड्यांच्या झुंजीचं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. या नव्या चर्चसाठी 1787 मध्ये त्याने हे चित्र काढून दिलं. आता तेरा चेहरे आणायचे कुठून? त्याने कलकत्त्यातलीच माणसं धरली. येशूसाठी फादर पार्थेनिओ नावाचे ग्रीक पाद्री. येशूचा लाडका तरुण शिष्य योहान, त्याच्यासाठी शहराचा पोलीस मॅजिस्ट्रेट ब्लाकीयर. आणि यहूदासाठी? विल्यम टलो नावाचा लिलाववाला.

विचार करा. तुम्ही शहरातले नावाजलेले लिलाववाले. नवं चर्च होतंय म्हणून सगळं गाव जमलंय. चित्रावरचा पडदा सरतो. पोलीसवाला देवाच्या शेजारी, पाद्री तर साक्षात देव, आणि तुम्ही यहूदा! टलो भयंकर भडकला होता असं सांगतात. दर रविवारी चर्चमध्ये यायचं, समोर आपलंच थोबाड, आणि मागच्या बाकांवर कुजबूज. लिलावात बोली लावणाऱ्याच्या मनातही नाही म्हटलं तरी एकदा येणारच, की हा गृहस्थ तीस नाण्यांना काय काय विकेल.

टलोने आयुष्यात चांगली कामंही केली असतील. पण सव्वादोनशेहून जास्त वर्षं झाली आणि त्याचं नाव राहिलं ते एवढ्याच कारणाने. हे वाचून मला हसू आलं, आणि जरा कणवही आली, कारण कोलकात्यात आम्हा मराठ्यांची अवस्था फारशी वेगळी नाही. दुकानदार विचारतो, "दादा, बाडी कोथाय?" आपण छाती फुगवून सांगतो, महाराष्ट्र. तो हसत म्हणतो, "ओ, बोर्गी!" 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. त्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो 'मराठा डिच'. बर्गी म्हणजे आपले बारगीर. तिकडच्या आया पोरांना निजवताना अजून त्यांची भीती घालतात. आपण अटकेपार झेंड्याच्या गोष्टी ऐकत वाढलो आणि इथे बाराशे मैलांवर आपण पाळण्यातल्या पोराचे यहूदा! चित्रात कोण कुठे बसणार, हे बसणाऱ्याच्या हातात नसतं.

झोफनीची बाजूही घेतली पाहिजे. देव कुणी पाहिलाय? चित्रकार शेवटी आसपासचेच चेहरे बघणार. आमच्या घरी ओट्यावर लक्ष्मीची तसबीर होती, रविवर्म्याच्या छापखान्यातल्या चित्रांच्या वळणाची. मला लहानपणी खात्री होती की लक्ष्मी नगर जिल्ह्यातलीच असणार, कारण साडी मावशीसारखी. जन्माने गोव्याचे आणि पुण्यात राहून काम केलेले अँजेलो द फोन्सेका यांनी मरियमेला साडी नेसवली. याच कोलकात्यात जामिनी रॉय यांनी येशूला बंगाली पटचित्रातले लांबट, मोठे डोळे दिले. देव जिथे जातो तिथले कपडे घालतो. त्यालाही युनिटप्रमाणे ड्रेस बदलावा लागतो.

झोफनीने तर नुसते चेहरे घेतले नाहीत, सामानही इथलंच घेतलं. चित्रात खिळ्याला एक तलवार टांगलीय, ती शिपाई-चपराशी बाळगायचे तसली साधी देशी तलवार. जेवणाच्या खोलीत शस्त्र उघडं टांगलेलं बघून माझ्यातला जेसीओ अस्वस्थ झाला. कोतमध्ये जमा का नाही? पाण्याची झारी आहे, ती काढताना समोर ठेवली होती पिकदाणी. आणि तिच्याजवळ पाण्याने भरलेली, फुगलेली पखाल. भिश्ती पाठीवर घेतो ती बकऱ्याच्या कातड्याची. येरुशलेमच्या माडीवर कलकत्त्याच्या भिश्त्याची पखाल!

प्रार्थना संपली. पाद्रीसाहेबांनी दाराशी हात मिळवला. गुमलाने वडिलांचं नाव सांगितलं, त्यांनी डोळे मिटून दोन वाक्यं म्हटली. मग आम्ही दोघं चित्राजवळ जाऊन उभे राहिलो. माझी बडा खान्याची थिअरी मी त्याला ऐकवली. तो पहिल्यांदाच मोकळा हसला. मग बराच वेळ वाकून पखालीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "साब, मशक तो है. भिश्ती किधर है?"

मी पुन्हा सगळे चेहरे पाहिले. खरंच, भिश्ती नव्हता. ग्रीक होता, पोलीस होता, लिलाववाला होता. ज्याची तलवार तो शिपाई नव्हता, ज्याची पखाल तो पाणक्याही नव्हता. सामान आत आलं होतं, माणसं बाहेर राहिली होती.

"मेरा बाप पानी भरता था," तो म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं एका कार्यालयात बसत होतो आम्ही. त्याचे वडील मिशनच्या शाळेच्या वसतिगृहात पाणक्या होते. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत कावडीने पाणी, पहाटेपासून. नळ आला तेव्हा ते म्हातारे झाले होते. आता वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला फोटो हवा, तर घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. होता तो मतदार ओळखपत्रावरचा. तो मोठा करून आणला, तर आई म्हणाली, हा माणूस मला माहीत नाही. गुमला म्हणाला, "साब, उस फोटो में बाबा यहूदा लगते हैं." आपण दोघंही हसलो म्हणायचं, पण त्याचे डोळे भरले होते.

मग त्यानेच मला बायबलातली एक गोष्ट सांगितली. शेवटचं जेवण कुठे करायचं, हे शिष्यांना माहीत नव्हतं. येशूने त्यांना सांगितलं, शहरात जा, तिथे पाण्याचं मडकं घेऊन चाललेला एक माणूस भेटेल, त्याच्या मागे जा, तो ज्या घरात शिरेल तिथे खोली तयार असेल. शिष्य गेले, माणूस दिसला, त्याच्या मागून जाऊन त्यांना ती माडी सापडली. त्याच रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. गुमला म्हणाला, "पाय धुवायला पाणी लागतं ना साब? ते कुणीतरी भरलेलं असणारच."

म्हणजे तो पाणक्या त्या रात्रीचा गाइड होता. फौजेत आम्ही असाच गाइड पुढे पाठवतो. अंधारात ठरल्या जागी एक माणूस उभा असतो, तो पलटणीला जागेवर नेऊन सोडतो आणि बाजूला होतो. युद्धाच्या इतिहासात त्याचं नाव येत नाही. पण तो चुकला असता तर पलटण भलतीकडेच पोचली असती.

परत येताना गुमला त्याच्या घराविषयी बोलत होता. भिंतीवर दोन तसबिरी आहेत म्हणाला. एक शेवटच्या जेवणाची, बाजारात मिळते ती. दुसरी लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांची. एक्का त्याच्याच गुमला जिल्ह्यातले. 1971 च्या युद्धात 3 डिसेंबरला गंगासागरच्या लढाईत जखमी अंगाने शत्रूची मशीनगन बंद पाडून ते वीरगतीला गेले. पूर्व आघाडीवरच्या त्या युद्धातलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ज्या भागातल्या माणसांना चित्रात कुणी घेत नव्हतं, त्या भागातल्या एका साध्या शेतकऱ्याच्या मुलाचं चित्र आज टपाल तिकिटावर आहे आणि रांचीच्या भर चौकात त्याचा पुतळा आहे. "दोनो के बीच में जगह खाली है," गुमला म्हणाला, "बाबा का फोटो वहीं लगाना है."

मी त्याला आमच्याकडची गोष्ट सांगितली. माझं गाव शेवगाव तालुक्यात, पैठण तिथून जवळ. पैठणला एकनाथ महाराजांच्या वाड्यात एक गडी होता, श्रीखंड्या. बारा वर्षं त्याने गोदावरीवरून कावडीने पाणी आणून रांजण भरला. तो साक्षात श्रीकृष्ण होता, हे कळलं तेव्हा तो निघून गेला होता. तो रांजण अजून वाड्यात आहे. नाथषष्ठीच्या आधी लोक रांगा लावून त्यात घागरी ओततात. शेकडो घागरी पडतात, तरी तो लवकर भरत नाही. ज्या घागरीने भरून वाहतो, ती श्रीखंड्याने ओतली असं मानतात. म्हणजे रांगेत उभा असलेला कुणीही तो असू शकतो, शेजारच्या गावचा गुराखीसुद्धा.

गुमला चालता चालता थांबला. "मतलब आपके यहाँ भगवान खुद भिश्ती?"

"अगदी," मी म्हटलं. "आणि पगार न घेता."

त्यानंतर सहा महिन्यांत त्याची बदली झाली, पुढे माझीही. फोटोचं काम मात्र झालं. युनिटमधला एक पोरगा चित्रं बरी काढायचा. गुमलाने त्याला ओळखपत्रावरचा फोटो दिला, शिवाय स्वतःला समोर बसवलं, कारण आई म्हणायची नाक-डोळे बापाचेच. तीन रविवार तो हलला नाही. खांद्यावर कावड काढायला मात्र त्याने पोराला दोनदा बजावलं. कागद गुंडाळून तो रजेवर घेऊन गेला. आईने बघितलं आणि म्हणाली, कान जरा मोठे झालेत, पण हेच.

गेल्या फाल्गुनात मला नाथषष्ठीला रजा मिळाली. पैठणला रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे एक बाई होती, मागे बीडकडचे दोन शेतकरी. माझी पाळी आली तेव्हा एक घागर माझी म्हणून ओतली आणि एक गुमलाच्या बाबांच्या नावाने. रांजण काही भरला नाही. मागचा शेतकरी म्हणाला, "सरका फौजी, आमची बी पडू द्या."